थोरलीचं ताट

आमच्या घरात कुत्र्यांना कधी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवायची ती माणसांना, आणि ते काम मी एकटीच पुरेसं करते, असं आमच्या मालकांचं म्हणणं. कुत्री दोन होती. आधी आली ती थोरली, मागून आला तो धाकटा, एवढ्यावर आमचं दोघांचं भागत होतं.

थोरलीला मालकांनी आणलं. तेव्हा ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. एकदा पाळी सुटल्यावर सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत, रिकाम्या डब्याशेजारी, हे पिल्लू बसवून घरी आले. मी दारातच विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "गेटापाशी वरडत हुतं." जन्मभर मागांच्या खडखडाटात राहून त्यांचे कान अर्धे गेलेले. मी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत, पिल्लाचं रडणं मात्र बरोबर ऐकू आलं. मी फणकाऱ्यानं आत गेले आणि संध्याकाळी भाकरी टाकताना एक जास्तीची टाकली.

धाकटा पुढं बऱ्याच वर्षांनी आला, गल्लीतल्या गटारातून. त्याला काढून आणला मी, त्यामुळं मला बोलायला तोंड राहिलं नाही. थोरलीनं त्याला आधी गुरगुरून, मग चाटून, मग कान ओढून वाढवलं. त्याला जे काही वळण लागलं ते तिनं लावलं. दुपारी आणि संध्याकाळी मी भाकरी दुधात नाहीतर ताकात कुस्करून जर्मनच्या दोन ताटल्यांत वाढायची, मागच्या अंगणात, पाण्याच्या पिंपांशेजारी. थोरली जेवायला लागली की धाकटा लांब भिंतीशी जाऊन बसायचा. तिचं झालं, ती अंग झटकून सावलीला गेली, की मग हा उठायचा. आम्ही ते इतकी वर्षं बघत होतो की आम्हाला ते दिसेनासं झालं होतं.

थोरली म्हातारी होऊन गेली. उन्हाळा नुकता तापायला लागला होता. एका सकाळी ती पिंपाच्या आडोशातून उठलीच नाही. धाकट्यानं तिला हुंगलं, तिच्या कानाशी नाक नेलं आणि तो बाजूला जाऊन बसला. मालकांनी मागच्या मोकळ्या जागेत लिंबाखाली खड्डा घेतला. धाकटा सोबत होता. माती ओढेपर्यंत त्यानं सगळं पाहिलं. "समजलंय त्याला," मालक म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

दुपारी मी एकच ताटली हातात घेतली, तर मालक म्हणाले, "तिचं बी वाढ की."

"अवो, कुणासाठी?"

"इतकी वर्सं जेवली की गं हितं. तेराव्यापतोर पान वाढायचं तिचं. माणसाला वाढतो की आपण. मग तिला का न्हाय?"

एरवी मी चांगले दोन शब्द सुनावले असते. पण त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांची आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं; तेव्हा ते पाहुण्यांच्या चहापाण्यात आणि मांडववाल्याशी बोलण्यात गुंतलेले होते. मी मुकाट्यानं दुसरी भाकरी कुस्करली. थोरलीच्या जागेवर थोरलीचं ताट ठेवलं, पलीकडे धाकट्याचं. धाकटा भिंतीशी जाऊन बसला, आणि बसूनच राहिला. मुंग्या यायला लागल्या तसं मी दोन्ही ताटं उचलली.

असंच रोज चाललं. थोरलीच्या ताटावर कावळे यायचे. मालक म्हणायचे, "बघ, शिवला कावळा." त्यांना तेवढंच बरं वाटायचं. एरवी अंगणात कावळा उतरला की आकाशपाताळ एक करणारा धाकटा त्यांच्याकडं मान वळवूनही बघत नव्हता. त्याच्या ताटात दूध असो की मटणाचं पाणी असो, तो हलत नव्हता. माझ्या तळहातावरचं दूध जरा चाटायचा, पाणी प्यायचा, बस. बघता बघता त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या.

शेजारच्या वहिनी विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू बोलतात आणि आमच्याशी सोलापुरी. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "दुसरं पिल्लू आणा की वो ताई. एकटं पडलंय ते." मी म्हटलं, "तुमचे आजोबा गेले तेव्हा दुसरे आणले होते का?" त्या हसल्या म्हणून वाचले. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. मलाच कुणी काही सुचवलेलं सोसत नव्हतं.

रिक्षात मांडीवर घेऊन त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला. "आजार काही नाही," ते म्हणाले. "सोबती गेला की काही कुत्री अन्न सोडतात. बहुतेक आपणहून येतात वळणावर. पण या उन्हात पोटात काही गेलं नाही तर मूत्रपिंडावर येईल, मग माझ्या हातात फार राहणार नाही." त्यांनी सलाईन लावलं. ते थेंब पडत होते तोवर धाकटा माझ्या कोपरात तोंड खुपसून पडला होता. मला त्याचा राग येत होता. एवढा कसला शोक, असं मनात आलं, आणि लगेच मी त्याला जवळ ओढलं, कारण हाही गेला तर मालकांचं काय होईल ते मला दिसत होतं. आणि माझंही.

मग नळाला पाणी यायचा दिवस उजाडला. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं आलं की सगळी कामं बाजूला ठेवून पिंपं भरायची. दोन्ही ताटं वाढून मी तिथंच नळी धरून उभी होते. पिंप भरेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून धाकट्याकडं बघत बसले. इतके दिवस मी त्याच्यापुढं ताट ठेवून आत निघून जात होते, कधी नीट थांबून बघितलंच नव्हतं.

तो भिंतीशी बसला होता, तोंड ताटापासून फिरवून. पण कान ताटाकडं होते. नाकपुड्या हलत होत्या. मध्येच लाळ गळली, ती त्यानं घाईघाईनं गिळली. भूक मेलेल्या जनावराचं हे लक्षण नव्हतं.

आणि ते बसणं माझ्या ओळखीचं होतं. मी नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंच्या आधी जेवायचं नाही असा शिरस्ता होता. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंचे दात गेलेले. कडक भाकरी आमटीत भिजवून, सावकाश, अर्धा अर्धा घास त्या खायच्या, मध्ये थांबून माहेरच्या गोष्टी सांगायच्या. मी समोर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची. कडकडून भूक लागली असेल तर ताटाकडं बघायचं नसतं, बघितलं की धीर सुटतो. कान मात्र तिकडंच असायचे, कधी त्या हात धुवायला उठतात म्हणून. "जेव गं, भूक लागली असंल," असं कुणी म्हणालं तर मी म्हणायची, "भूक न्हाय." अगदी खरं वाटावं असं म्हणायची.

म्हणजे आमचा धाकटा शोकानं उपाशी नव्हता. शोक असेलही, मी कोण त्याच्या मनातलं सांगणारी. पण तो उपाशी होता तो रीतीनं. थोरलीला मातीत घालताना त्यानं पाहिलं होतं, तरी रोज दोन वेळा आम्हीच तिचं ताट भरून मांडत होतो. ताट आहे म्हणजे ती जेवायची आहे. ती जेवली नाही तर तो कसा जेवणार?

पिंप भरून वाहायला लागलं. नळी टाकून मी थोरलीचं ताट उचललं. धाकटा लगेच उठला, रिकाम्या जागेशी गेला, हुंगलं, आणि परत भिंतीशी जाऊन बसला. ताट गेलं होतं, पण जेवलं कुणीच नव्हतं. वाहतं पाणी बघून मालक बाहेर आले. माझ्या हातात ताट बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ठेव ते खाली. तेरावा व्हायचा हाय."

"तेराव्याला दोन ताटं वाढायची हायत का तुमाला?" मी ओरडले. त्यांना ऐकू यावं म्हणून नाही, मला ओरडायचंच होतं. मग सगळं सांगितलं. सासूबाईंचं सांगितलं, कॅलेंडरचं सांगितलं. एवढ्या वर्षांत हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. ते ऐकत उभे राहिले, बनियनच्या टोकानं तोंड पुसत. "म्हंजी म्याच उपाशी ठेवला की त्याला," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकून माझा राग गळून पडला.

"दोघांनी मिळून ठेवला," मी म्हटलं. "सरा आता."

मी आतून माझं ताट वाढून आणलं. भाकरी, शेंगाचटणी, वाटीत दही. थोरलीच्या जागेवर, ओल्या फरशीवर, गुडघ्यांना शिव्या देत मांडी घातली. लग्न झाल्यापासून मालकांच्या आधी मी जेवले नव्हते, आणि जेवायला बसले ते कुत्रीच्या जागेवर. थोरली नाही हे मला तेव्हा कळलं, तिच्या जागेवर बसल्यावर. मी रडत रडत जेवले. धाकटा आता माझ्याकडं बघत होता. मी ताट पुसून घेतलं, उठले, साडी झटकली आणि सावलीला जाऊन उभी राहिले.

तो आला. माझ्या जागेचा वास घेतला. मग त्याच्या ताटात तोंड घातलं आणि चाटून पुसून सगळं संपवलं. इतक्या दिवसांनी एकदम एवढं खाल्ल्यानं संध्याकाळी थोडं ओकला, पण ते आम्ही हसत हसत पुसलं.

त्या दिवसापासून रोज दोन वेळा मी अंगणात आधी जेवू लागले. मालक मला थट्टेनं सासूबाई म्हणायला लागले. तेरावा त्यांनी केला, लिंबाखाली, एकट्यानं, गुळाचा खडा ठेवून. धाकट्याच्या अंगावर मांस आलं, कावळ्यांना परत वाईट दिवस आले. सगळं मार्गी लागलं असं मी धरून चालले.

मग मी एक दिवस शेजारच्या वहिनींबरोबर अक्कलकोटला गेले. दर्शन, महाप्रसाद, परतीच्या गाडीला गर्दी, यायला अंधार पडला. मालक दारातच उभे, तोंडभर हसू. "तुझ्याबिगर शिवला न्हाय ताटाला," ते कौतुकानं म्हणाले. "दुपारपासून बसलाय तसाच. लई जीव हाय तुझ्यावर."

मी हातपाय न धुता अंगणात जाऊन जेवले, मागून तो जेवला. मालकांना मी म्हटलं, "उद्यापासून हितं तुमी बसायचं."

"म्या कशाला? तू हायस की."

"आज हाय."

ते हसत होते ते थांबले. त्यांना कमी ऐकू येतं, पण हे त्यांनी परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना ताट वाढून दिलं आणि स्वतः दाराच्या आड उभी राहिले. कारखान्यातल्या सवयीनं मालक भराभर जेवतात, पाच मिनिटांत ताट रिकामं. त्या दिवशी ते सावकाश जेवत होते, एकेक घास धाकट्याला दिसेल असा उचलून. धाकटा त्यांच्याकडं बघत नव्हता. तो दाराकडं बघत होता. मी पदर तोंडात धरून उभी. बाहेर जावं, बसावं, त्याला जेवू घालावं असं इतकं वाटत होतं की चौकट धरून ठेवावी लागली. मालकांचं झालं. ते उठले, सावलीला गेले. धाकटा बसलेलाच. मालकांनी दाराकडं पाहिलं, मी मान हलवली, नाही.

बऱ्याच वेळानं ताटली फरशीवर सरकल्याचा आवाज आला. मी फटीतून पाहिलं. जेवत होता. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि त्याच क्षणी हुंदकाही आला, कारण माझ्याशिवाय तो जेवत होता आणि मीच ते त्याला शिकवलं होतं.

"ये भाईर," मालक बाहेरून म्हणाले. "जेवतोय की तो."

"थांबा," मी म्हटलं. "सगळं संपू द्या त्याचं."