निळ्या वाडग्यातला भात

मे-लिन गेल्याचं कळलं तेव्हा मी पाळणाघरात पोरांना वरणभात वाढत होते. तिच्या तुर्भ्याच्या कारखान्यातले सुपरवायझर धावत दारात आले. सॉसच्या बाटल्या भरायच्या मशीनपाशी उभी असतानाच ती कोसळली म्हणे. दुसरं काय होणार... ही बाई स्वस्थ बसलेली मी कधी फारशी पाहिलीच नाही. या गोष्टीला काही आठवडे झाले, आणि आता तीच अस्वस्थता मला चिकटली आहे. पोळी लाटता लाटता उठते, खिडकीशी जाते, परत येते. तिला दिलेला एक शब्द पाळायचा राहिला आहे, तो मला बसू देत नाही.

आमची ओळख कोपरखैरण्याची. मी बालवाडीत शिकवायचे आणि ती समोरच्या बैठ्या घरात राहायला आली. चिनी बाई म्हणून गल्ली आधी जरा बिचकून होती. तिने दोन खोल्यांत मोठाली पातेली मांडली आणि मिरची-लसणाच्या ठसक्याने अख्ख्या गल्लीला शिंका आणल्या. मी भांडायला गेले आणि सॉसची बाटली घेऊन परत आले. तेव्हा नाक्यानाक्यावर चायनीजच्या गाड्या नुकत्या लागायला लागल्या होत्या. ही पिशवीत बाटल्या घालून गाडीगाडीवर फिरायची. गाडीवाले विचारायचे, चीनमध्ये थंडी असते का हो? तर म्हणायची, मी आसामची, चीन मी पण नाही बघितला. पुढे तुर्भ्याला शेड आली, शेडचा कारखाना झाला, करावे गावच्या बायका कामाला आल्या. त्यांनी तिची मालनबाई करून टाकली आणि ती त्या हाकेलाही ओ देऊ लागली.

जेवायचीसुद्धा ती उभ्यानेच. निळ्या नक्षीचा चिनी मातीचा एक वाडगा होता, तिच्या आईचा. तो हातात धरून दाराशी उभी राहायची, अर्धं लक्ष रस्त्यावर. एकदा मी वैतागून म्हटलं, कोण येणार आहे गं तुला न्यायला? ती हसली नाही. बासष्टच्या लढाईनंतर पोलीस आले ते जेवणाच्या वेळीच, एवढंच म्हणाली. मग तुकड्यातुकड्यांनी बाकीचं सांगितलं. वडील आसामात सुतारकाम करत. चिनी म्हणून आईवडील आणि ही, तिघांनाही राजस्थानातल्या बंदी छावणीत नेलं, आणि वडील तिथून परत आलेच नाहीत. पुढे मायलेकी मुंबईला आल्या. त्यानंतर मी तिला बसून जेवायचा आग्रह कधी केला नाही.

करावेच्या बायका तान्ही पोरं घेऊन कामावर यायच्या आणि गेटच्या सावलीत चादरीवर ठेवायच्या. ते पाहून तिची नुसती चिडचिड व्हायची. कारखान्याला लागूनची जागा मिळाल्यावर तिने तिथे पाळणाघर बांधलं आणि मला बालवाडी सोडायला लावून त्याच्या गळ्यात बांधलं. पाटीवर स्वतःचं नाव घालू दिलं नाही. उद्घाटनाची पूजा माझ्याकडे होती. घाई अशी की नैवेद्याची वाटी घरी राहिली, म्हणून भात तिच्या निळ्या वाडग्यात काढला. उदबत्ती खोचायला आणलेलं केळं एका चिमुरडीने केव्हाच फस्त केलं होतं. मी पेटवलेली उदबत्ती सरळ त्या भातात उभी खोचली आणि हात जोडले.

डोळे उघडले तर मे-लिनचा चेहरा पांढराफटक. ती तशीच बाहेर पडली, रिक्षात बसली आणि गेली. मला कळेना काय झालं. बायका पोरं काखेत घेऊन ताटकळत होत्या. शेवटी त्यांच्यातली सुमन म्हणाली, "ताई, उघरनार हाय का नाय? आमाला कामाव जावाचा हाय."

मे-लिन परतली तेव्हा उदबत्ती जळून गेली होती. ती वाडग्यासमोर उभी राहिली. मग तिने सांगितलं, त्यांच्यात मेलेल्या माणसापुढे शिजलेल्या भाताचा वाडगा ठेवून त्यात अशी उभी उदबत्ती लावतात. जिवंत माणसाच्या वाडग्यात ती कोणी चुकूनही लावत नाही. मी ती काडी उपटायला गेले. पण तीच माझा हात धरून म्हणाली, "बाबांना कुणी असा भात ठेवला नव्हता. छावणीत उदबत्ती कुठून आणणार? आज तू ठेवला... चल, दार उघड."

पोरं आत आली. गलका झाला. त्या गलक्यात तिने मला विचारलं, "माझ्यासाठी कोण ठेवणार? मला तर मूल नाही."

मी म्हटलं, "मी ठेवीन. शिकलेच आहे आता."

"मग वाडगा हाच घे," ती म्हणाली, आणि पाळण्यांच्या दोऱ्या तपासायला निघून गेली.

तिच्या अंत्यविधीला परदेशातून मावसभाऊ आला. भला माणूस. तो ख्रिस्ती, त्यामुळे प्रार्थना झाली, पांढरी फुलं झाली. माझ्या पिशवीत डबा होता, वाडगा होता, उदबत्ती होती. मी हळूच विचारलं. आमच्याकडे आता हे करत नाहीत, असं त्याने तितक्याच हळू सांगितलं. तिच्या माणसांसमोर मी कोण लागून गेले... पिशवी तशीच घरी आणली. तेव्हापासून ही येरझार चालू आहे.

काल हे सगळं सुमनला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आमी पन आमच्या मानसांना पान ठेवतोच ना. तुमी ठेवा. मालनबाई काय त्यांची एकट्यांची व्हती?"

आज पोरांच्या पंगतीआधी वाडगा घासला, गरम भात भरला आणि उदबत्ती उभी खोचली. वाडगा चटईवर मांडून समोर पाट ठेवला, आणि तो पाट बघून मलाच कसंसं झालं. पाट उचलला. वाडगा नेऊन दाराजवळच्या उंच कट्ट्यावर ठेवला, उभ्याने जेवता येईल आणि रस्ताही दिसेल असा. मग पोरांत येऊन बसले.