झरोक्यातलं लुगडं

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप मी दोनदा बघते, आणि जावयाकडे तर लग्नापासून बघतच होते. माणूस बरा, पण नोकरी उटीच्या डोंगरात. मुलगी पहिल्या बाळंतपणाला तंजावरला आली तेव्हा मार्गळीची, डिसेंबरातली थंडी होती, पाऊस हटत नव्हता आणि नात झाली ती अगदी मूठभर. त्या काळात बाजारात नव्या वस्तूंचा नुसता सुळसुळाट. जावयाने लहान सिलिंडरवर चालणारा गॅसचा हीटर आणून दिला.

"मामी, खिडकी थोडी उघडी ठेवा," असं दोनदा बजावून तो कामावर परतला.

मी "बरं" म्हटलं. जावयाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. बाळंतिणीच्या खोलीत चाळीस दिवस वारा शिरू द्यायचा नाही, हे याला कुठून कळणार? मी खिडकी घट्ट लावली आणि वरच्या झरोक्यात माझं जुनं लुगडं कोंबलं.

संशय सगळा त्या सिलिंडरवर. रोज नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायची. वाकून वाकून वास घ्यायची.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी बाळाला न्हाऊ घातलं, साम्ब्राणी धुपाची धुरी दिली आणि हीटर लावला. तासाभराने मुलगी म्हणाली, "आई, डोकं फुटतंय. मळमळतंय."

"समोरच्या बाईंनी दिलेलं तळकट मुरुक्कू खाल्लंस ना? खरं सांग."

"नाही गं, शपथ!"

माझा विश्वास बसला नाही. शेजारणीची नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळायला घेतल्या, तर मलाच गरगरायला लागलं. नात दूध ओढेना. रडेनाही.

बारशासाठी निघालेला जावई तेवढ्यात दारात उतरला. आत पाऊल टाकताच त्याने हीटर बंद केला, खिडकी उघडली आणि मुलीला आणि नातीला अंगणात नेलं. बऱ्याच वेळाने नात रडली. मीही भिंत धरत बाहेर आले.

डॉक्टरांनी मुलीला आणि नातीला तपासलं. कोंदट खोलीत अशा हीटरचा विषारी वायू साठतो, म्हणाले, आणि त्याला वास नसतो.

घरी आल्यावर जावयाने स्टूल घेतलं. झरोक्यातलं लुगडं ओढून काढलं, झटकलं, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिलं. शरमेने मला मान वर करवेना.