मुळाच्या टोकापर्यंत

डॉ. भालेराव सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या नाशिकरोडच्या दवाखान्यात झाली. देवळ्याहून आलेली, पदवी नवी आणि तोरा त्याहून नवा, अशी मी नोकरी मागायला गेले होते. सरांनी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि काढलेली एक दाढ हातात देऊन तिचं रूट कॅनाल करायला सांगितलं. एक्स-रे पाहून ते म्हणाले की हात चांगला आहे, घाई वाईट आहे. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

सरांच्या दवाखान्यात एक रिवाज होता. दाढेची मुळं साफ करून भरली की ज्यानं काम केलं त्यानंच एक्स-रे खिडकीशी धरायचा आणि भरण कुठवर पोचलं ते पेशंटच्या देखत मोठ्यानं सांगायचं. मुळाच्या टोकाच्या अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे ते थांबलं पाहिजे. कमी पडलं तर रिकाम्या जागेत जंतू घर करतात, पुढे गेलं तर हाडाला त्रास होतो.

पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या सिंधूताईंच्या दाढेत माझं भरण तीन मिलिमीटर कमी पडलं. बाहेर गर्दी होती, त्यांना एसटी गाठायची होती. "बरोबर आहे," म्हणून मी मोकळी झाले. संध्याकाळी सरांनी फिल्म पाहिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. सकाळी मला गाडीत बसवून ते थेट पिंपळगावला घेऊन गेले.

"दुखत तर नाय आता, मग कशाला उकरता?" सिंधूताईंनी विचारलं.

सरांनी मला पुढे केलं. पॅकहाउसच्या साऱ्या बायांसमोर माझी चूक मलाच सांगावी लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना सरांनी रसवंतीवर गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला. म्हणाले, झाकली मूठ बाकी सगळीकडे चालते, दाढेत ती सडते. सिंधूताईंची दाढ पुन्हा त्यांनी माझ्याच हातून भरून घेतली.

पुढे सरांचे हात कापू लागले, नजरही अधू झाली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दवाखाना माझ्यावर सोपवला. आता लांबी मोजायला यंत्र आहे, एक्स-रे क्षणात स्क्रीनवर येतो. तरी प्रत्येक भरणानंतर माझी मान दाराकडे वळते, जणू सर तिथे उभे आहेत. सरांची फार आठवण येते हो, आणि राहतात तर गंगापूर रोडला, अर्ध्या तासावर! भेटायला गेलं की चहा देतात, द्राक्षांच्या भावावर बोलतात, कामाचा विषय म्हणून काढत नाहीत. कधीकधी त्यांचा रागच येतो.

गेल्या महिन्यात दाढ धरून सर स्वतःच आले, नंबर लावून बसले. भरण झालं, एक्स-रे आला. सरांना आता स्क्रीनवरचं दिसत नाही. दीड तास तोंड उघडं ठेवून ते पार थकले होते.

"काय गं, कसं झालंय?"

'छान' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"सर, दोन मिलिमीटर कमी पडलंय."

सर म्हणाले, "काढ," आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

सरांच्या या पंचाहत्तरीला मी देवाकडे त्यांच्यासाठी निरोगी शंभरी मागते. आणि थोडं स्वतःसाठीही मागते: सरांनी अधूनमधून दवाखान्यात यावं, काही दुखत नसलं तरी.