कलमबाई

कलमबाईंनी कधी कुणाला 'आपला माणूस' म्हटलं नाही. कोल्हापुरात राहून, धंदेवाल्यांत बसून, सहा वर्षांत एकदाही नाही! आमच्याकडं रिक्षापासून बँकेच्या कर्जापर्यंत सगळा कारभार या दोन शब्दांवर चालतो. पहिल्याच बैठकीत कंपनीच्या मालकांनी आम्हा डीलरांकडं हात करून सांगितलं, "मॅडम, ही सगळी आपली माणसं." बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "बरं. यातलं कोण कुठल्या तालुक्यात विकतं, त्याची यादी आहे का?" यादी नव्हती. मालक हसले, आम्हीही हसलो, बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

आमची कंपनी एमआयडीसीतली. कडबाकुट्टी आणि म्हशींचं दूध काढायची यंत्रं बनवायची. मी तिचा कोडोलीचा डीलर. आम्ही पंचवीस-तीस जण होतो आणि नियम म्हणाल तर शून्य. एकाच गोठ्यावर सकाळी मी जायचो, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा, आणि यंत्र तेच, भाव तीन! गिऱ्हाईक तोंडावर म्हणायचं, "पावणं, तुमच्याच कंपनीचा माणूस काल तुमच्यापेक्षा स्वस्त सांगून गेला की." काय बोलणार, कपाळ? मग मालकांना फोन करायचा. ज्याचा फोन आधी, त्याची बाजू खरी. ही गटारगंगा साफ करायला मालकांनीच कांबळेबाईंना, म्हणजे या कलमबाईंना, नेमलं होतं, हे लक्षात ठेवा. त्या आपल्या पायानं आल्या नव्हत्या.

बाईंनी दोन महिन्यांत चार पानांची नियमावली लिहिली. साध्या मराठीत. प्रत्येक नियमाला त्या कलम म्हणायच्या, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागं कलमबाई म्हणायला लागलो. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. एकजण चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "संविधान लिवून आणलंय बाईंनी." त्यात काय नासकेपणा भरलेला होता ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि तरी आम्ही दात काढले. मीही काढले. बाईंनी कप खाली ठेवला. "होय," त्या म्हणाल्या, "आणि तेसुद्धा सगळ्यांना लागू आहे." मग कलम दोनपासून पुढं वाचायला लागल्या.

त्यांचं खरं वैर एका शब्दाशी होतं. शक्यतो. मालकांनी कच्च्या मसुद्यात जागोजागी 'शक्यतो' घातला होता. 'डीलराने शक्यतो आपल्याच तालुक्यात विक्री करावी.' 'कंपनी शक्यतो थेट विक्री करणार नाही.' बाईंनी लाल पेनानं एकेक शक्यतो खोडला. मी एकदा म्हटलं, "मॅडम, थोडं सैल सोडा की. आपल्याच माणसांत एवढं कडक कशाला?" त्या म्हणाल्या, "परक्यासाठी नियम लिहावाच लागत नाही, चौगुले. परका रांगेत उभा राहतो. नियम आपल्या माणसांसाठीच लागतो." तेव्हा मला ते बोलणं आगाऊ वाटलं होतं.

पहिला दणका मलाच बसला. माझ्या बहिणीचं सासर आजऱ्याकडचं. भाऊजींना मी कोडोलीतून एक कडबाकुट्टी नेऊन दिली. आजऱ्याचे डीलर मुल्लाणी. त्यांनी तक्रारही केली नव्हती, पण बाईंनी नोंद बघितली आणि ती विक्री मुल्लाणींच्या नावावर चढवली. वर मला लेखी समज! तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच मोटरसायकल काढून ऑफिसात गेलो.

"मॅडम, भनीचं सासर हाय ते. पावण्यांच्यात एक मशीन दिलं तर चोरी झाली व्हय?"

"चोरी कोण म्हणतंय? नातं तुमचं, तालुका त्यांचा. पातं तुटलं तर आजऱ्याला कोण जाणार?"

"मी जाईन की!"

"ऐन सुगीत? कोडोलीतली गिऱ्हाइकं सोडून?"

मी पाय आपटत बाहेर पडलो. पुढं ऐन सुगीतच पातं तुटलं, आणि मुल्लाणी निरोप मिळाल्याच्या दिवशी स्वतः जाऊन बसवून आले. भाऊजींनी फोनवर त्यांचं एवढं कौतुक केलं की मला फोन ठेवावासा वाटला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय ते. कोडोलीच्या पुढं एक मोठा गोठा आहे, साठ म्हशींचा. गोठ्याचे आबा यंत्राचं नाव काढू देत नव्हते. म्हैस यंत्राला पान्हा सोडत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मी आठ महिने जात होतो. पहाटे जाऊन धारा काढू लागलो, दोन म्हशींना यंत्राची सवय लावून दाखवली, शेणात बूट बुडवले. महिन्याभरापूर्वीच बाईंनी मला दटावून कलम सातखाली आबांचं नाव नोंदवायला लावलं होतं. कलम सात म्हणजे, ज्यानं गिऱ्हाइकाचं नाव आधी लेखी कळवलं, त्या गिऱ्हाइकाकडं नव्वद दिवस कंपनीचा दुसरा कुणीही जाणार नाही. आबा तयार झाले, आणि त्याच आठवड्यात मालकांचे मेहुणे तिथं जाऊन टपकले! ते कागलचे डीलर. कुठं कागल, कुठं कोडोली! माझ्यापेक्षा कमी भाव सांगून ऑर्डर लिहून घेऊन गेले. आबांनीच मला फोन करून सांगितलं, बिचारे अवघडले होते.

मी बाईंना कळवलं. त्यांनी मेहुण्यांची ऑर्डर त्याच दिवशी अडवली. यंत्र फॅक्टरीतून हलू दिलं नाही. मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, घरचा मामला हाय. शक्यतो सांभाळून घ्या." बाई म्हणाल्या, "कलम सातमध्ये शक्यतो नाही, सर. खाली तुमची सही आहे." हे मला मागनं ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता.

मालकांनी सगळ्या डीलरांची बैठक बोलावली. त्या दिवशी सकाळी मला त्यांचा फोन आला. "चौगुले, गोठ्याचं काम तुलाच ठेवतो. आपला माणूस हाईस तू. फकस्त बैठकीत गप बस." मी व्हय म्हणालो. का म्हणालो? आठ महिने वाया जातील म्हणून. आज सांगायला शंभर कारणं आहेत आणि त्यातलं एकही धड नाही.

बैठकीत मालक गोड आवाजात म्हणाले, "नियमांचा लोकांना जाच व्हायला लागलाय म्हणं. नियम हायत तसेच ऱ्हावेत असं ज्यांना वाटतंय, त्यांनी हात वर करा." ज्या नियमांनी आमच्या चुली शाबूत ठेवल्या होत्या, त्यांच्यासाठी! मुल्लाणींचा हात वर गेला. एकट्याचा. पंचवीस-तीस टगे टेबलावरची बिस्किटं बघत बसले. माझे दोन्ही हात मांडीवर होते. बाई स्वतःच बैठकीचा वृत्तांत लिहीत होत्या. त्यांनी लिहिलं, 'बाजूने एक,' आणि वही मिटली. नियम रद्द, तर नियम बघणाऱ्या बाईंचं काम काय? दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

बैठक सुटल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं होतं. "मॅडम, माझा नाइलाज होता. सकाळी मालकांचा फोन आलता."

"गोठा तुम्हालाच ठेवतो म्हणाले?"

"व्हय."

"चौगुले, तो तुमचाच होता. लेखी होता." एवढं म्हणून त्या खाली उतरल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोठ्यावर माझंच यंत्र बसलं, आबा खूश झाले. वर्षाच्या आत मेहुण्यांनी कोडोली स्टँडजवळ दुसरं दुकान थाटलं, माझ्या दुकानापासून दोनशे पावलांवर. मी मालकांकडं गेलो तर म्हणाले, "बघू की." पुन्हा गेलो तर पुन्हा तेच. भांडायला कलम नव्हतं आणि कलम दाखवायला बाई नव्हत्या. मालकांना, मेहुण्यांना, त्या बिस्किटं बघणाऱ्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की जीभ झिजली असती. शेवटी डीलरशिप सोडली.

कलमबाई आता एका पशुखाद्य कंपनीत आहेत. तिचे डीलर कधी एकमेकांच्या तालुक्यात दिसत नाहीत, म्हणजे नियम कुणी लिहिले ते सांगायला नको. मी त्या डीलरशिपचा अर्ज मागवला. शेवटचा प्रश्न असा: 'आधीच्या कंपनीचे काम का सुटले? एका वाक्यात लिहा.' तीन दिवस लिहीत होतो. एका कागदावर मालकांचा उद्धार केला, फाडला. दुसऱ्यावर मेहुण्यांचा, तोही फाडला. अर्ज वाचणार बाईच आहेत, आणि त्यांना थापा मारायचं माझ्यात बळ नाही. काल शेवटी लिहिलं: 'बैठकीत मी हात वर केला नाही.'