हलीमाबीची हिरडी

निफाडच्या द्राक्षबागेत हलीमाबी डोळे मिटून दाताने मणी फोडायची आणि बोटं वर करायची. दोन बोटं म्हणजे दोन दिवसांनी तोडा. मूठ म्हणजे आजच. आम्ही टोळीच्या बाया कात्र्या घेऊन तिच्याकडे बघत उभ्या. मालकाकडे गोडी मोजायचं यंत्र होतं. ती म्हणायची, "साखर यंत्राला कळती. मणी करकरीत हाय का मऊ पडाय लागला, ते दाताला इचारा."

ते दातच गेले. चाळीस वर्षं तंबाखूची मिश्री घासली. मीही घासली, रडायचं कशाला? मुलाने तिला कवळी बसवून दिली. कवळीने पहिलाच प्लॉट पाहिला आणि दोन बोटं वर केली. दोन दिवसांत मणी नरम. व्यापारी माल न उचलता गेला. मालक म्हणाला, "हलीमाबी, उद्यापासून तुम्ही नुसती तोडणी करा." त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मला ओढत नाशिकला, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. "कवळीत समदंच कडक लागतंय, असं का?"

बाईंनी समजावलं. दाताच्या मुळाशी जाणीव असते, ती दाताबरोबर जाते. पण हिरडीतही बारीक पेशी असतात. काय टेकलं, किती दाबलं, ते त्या कळवतात. मिश्रीने हिरडी जाड आणि बोथट होते.

हलीमाबी खुर्चीतून उठलीच. "म्हंजी हिरडीतले पहारेकरी अजून जित्ते हायेत?"

"आहेत की, आजी."

"तारे, ऐकलं का! जित्ते हायेत!"

मिश्रीचा डबा तिने बसस्टँडवरच फेकला. मी म्हणाले, "दोन दिवसांत माझ्याकडे मागशील."

"मागितली तर थोबाडीत दे."

महिनाभर तिचं डोकं दुखायचं, सगळ्यांवर खेकसायची. पण रोज कवळी काढून मटार, बोरं, शिजलेले चणे हिरडीने दाबून बघायची.

मग दुसरा प्लॉट तयार झाला. व्यापारी म्हणाला, "गोडी भरली. उद्या तोडू." हलीमाबी पुढे आली, सगळ्यांदेखत कवळी काढली आणि माझ्या हातात ठेवली. ओली, गरम. शी! तिने मणी हिरडीवर दाबला आणि मूठ वर केली. "आजच तोडा, मालक. उद्याचं ऊन खाल्लं की गेला."

व्यापारी हसला. "बोळक्या तोंडाचं ऐकायचं का आता?"

मालकाने स्वतः एक मणी तोंडात टाकला. मग म्हणाला, "अर्धा प्लॉट आज."

आम्ही तुटून पडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेल्या घडांचे मणी नुसत्या बोटाने दबत होते! मी बांधावर नाचले, या वयात. व्यापाऱ्याने आदल्या दिवशीचा करकरीत माल मुकाट्याने उचलला. हलीमाबी त्याला म्हणाली, "शेठ, तुमीच हसा आता. माझ्याकडं दाखवाय दात नाय."

त्यानंतर प्रत्येक प्लॉटवर मालक तिला स्वतः जीपने न्यायचा.

गेल्या हंगामाआधी ती तापाने गेली, चार दिवसांत. मालक माझ्याकडे आला. "ताराबाई, तुम्ही कायम तिच्याबरोबर असायच्या. आता तुम्ही सांगा."

माझेही दात गेलेत, मिश्रीही सुटली आहे. मणी हिरडीवर दाबला. पुन्हा दाबला. गोड लागला, एवढंच.

"मला नाही कळत, मालक," मी म्हणाले. "तिला कळायचं."