प्रोसेसरचा पंखा आणि अप्पांचा आवाज

अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मी लातूरच्या खोलीवरचा कॉम्प्युटर उचलून उदगीरला घरी आणला. ड्रोनच्या फोटोंवरून जमिनीचे नकाशे बनवणं हे माझं काम. ते रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं. प्रोसेसर तापतो आणि त्याला थंड करणारा पंखा ओरडायला लागतो.

आमच्या घरात खोल्या दोनच. अप्पांची बाज माझ्या टेबलाला लागूनच होती. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात तोलाई करताना पोत्यांचं वजन पुकारणारा त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. ते हाक मारायचे आणि हातभर अंतरावरच्या मला पंख्यापुढं काही ऐकू यायचं नाही. ओठ हललेले दिसले की मी आईला बोलवायचो. ती कान लावून ऐकायची आणि पाणी आणायची.

"ही तुझी गिरणी बंद कर की रे," ती म्हणायची.

"आई, पंखा हाय त्यो."

"पीठ पडंना म्हणून गिरणी न्हाई व्हय?"

काम बंद करणं परवडणारं नव्हतं. पंखा मंद केला, तर प्रोसेसर तापून काम रखडायचं. एका मित्राने सुचवलं, प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवून बघ. कारखान्यातून ते गरजेपेक्षा जरा जास्तच ठेवलेलं असतं. कमी केलं तर वेग तोच राहतो आणि उष्णता घटते.

मी थोडं थोडं उतरवत गेलो. दर वेळी ताण देणारा प्रोग्राम चालू करायचा, तोवर अप्पांना पेज भरवायची, मग येऊन बघायचं. स्क्रीन निळी पडून कॉम्प्युटर अडकला की एक पायरी मागे. शेवटी एक आकडा दिवसभराच्या ताणात टिकला. मला फार आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी काहीच काम नसताना कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. भर कामात तगलेला प्रोसेसर रिकामा असताना कोसळू शकतो, कारण तेव्हा व्होल्टेज आणखी खाली जातं. हे मला माहीत नव्हतं. थोडं परत वाढवलं, दोन्ही तऱ्हेने तपासलं. पंखा शांत झाला.

त्या दुपारी अप्पांचा आवाज मला नीट ऐकू आला. ते कानडीत बोलत होते.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "कवाधरनं कानडीच बोलायलेत. तुला ठावं असंल म्हणलं मी."

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. लहानपणीची भाषा राहते, नंतरची जाते. अप्पा आजीशी कानडीत बोलायचे, पण माझ्याशी कधीच नाही. पोरगं मराठी शाळेत जाणार, त्याचा गोंधळ नको, असं त्यांनी ठरवलं होतं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, तो त्यांच्या अशाच काळजीमुळे. त्याचं मोल मी जाणतो. रेणापूरकडून आलेली माझी आईसुद्धा सासूकडून कानडी शिकली. मी तेवढा कोरा राहिलो.

एका संध्याकाळी आई दूध आणायला गेली होती. अप्पांनी माझं मनगट धरलं आणि ते बोलू लागले. एक एक शब्द स्पष्ट ऐकू येत होता. मी मान हलवत होतो. मोबाईलवर रेकॉर्ड करावं हे सुचलं, तोवर ते थांबले होते. माझ्याकडे बघत होते, जणू उत्तराची वाट पाहत. मी म्हणालो, "हाव अप्पा." त्यांनी डोळे मिटले.

आई आल्याबरोबर मी लक्षात राहिलेलं सांगायला लागलो. "मने... मने काहीतरी म्हणाले."

"मने म्हंजे घर. घराचं काय म्हणले?"

मी पुन्हा आठवून बघितलं. दोन-तीन तुटके आवाज काढले. आईने पातेलं खाली ठेवलं, माझं तोंड न्याहाळलं आणि दोनदा तेच म्हणायला लावलं.

"एवढ्यावरनं काय कळंल, बाळा?"

तिने बाजेजवळ जाऊन कानडीत विचारलं. अप्पांना झोप लागली होती. त्यानंतर ते बोललेच नाहीत; पाणीही हाताच्या खुणेनं मागायचे आणि त्याच आठवड्यात गेले.