करडांची सोबत

नागपूरजवळ वाडीतल्या एका बंद गोदामात एकटंच कोंडलं गेलेलं कुत्र्याचं पिल्लू मी घरी आणलं. हात पुढे केला की ते थरथरायचं, चावायचं. भीती मेंदूतच बसली आहे, त्याला सोबत हवी, असं डॉक्टर म्हणाले.

समोरच्या मैदानात एक बाई बकऱ्या चारायची. एकदा पिल्लाला तिथे नेलं, तर तिने न विचारताच ते उचललं आणि करडांच्या घोळक्यात सोडलं.

"राहू दे वं इथंच. एकटं वाढलं तं भेवाशिवाय काय शिकन थे?" पदराने एका करडाचं नाक पुसत ती म्हणाली.

हिवाळाभर पिल्लू रोज त्या करडांतच खेळलं. हिवाळा सरला तशी ती बाई दिसेनाशी झाली. नाव विचारायचं राहूनच गेलं. पण रोज संध्याकाळी मी तिला मनातल्या मनात नमस्कार करते. दार उघडलं की आमचा कुत्रा डोकं खाली घालून, अगदी करडासारखी, माझ्या गुडघ्याला ढुशी देतो.